एसी काढलेल्या मोटारीची हीटरपेटी

हीटर ही थंड प्रदेशातील गाड्यांची सोय आहे, अशी समजूत सर्वत्र रूढ असल्यामुळे रत्नागिरीसारख्या ठिकाणी, जिथे जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा साधारणतः १८ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळतो, जुन्या गाडीचा बिघडलेला एसी काढताना त्याला जोडून असलेली हीटरपेटीही बिनकामाची समजून भंगारात दिली जाते आणि डॅशबोर्डमागची पोकळी तशीच ठेवून गाडी पुन्हा रस्त्यावर येते. ही समजूत मुळातच चुकीची आहे. कोकणात हीटर लागतो तो समोरच्या काचेसाठी, आणि तोही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, जेव्हा रत्नागिरीच्या वर्षाच्या तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसापैकी बहुतेक सगळा पाऊस पडतो. म्हणूनच एसी काढल्यानंतर त्या जागी कोणती पेटी बसवावी आणि ती कशी बसवावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

हीटरपेटी म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा एक खोका असून त्यात चार गोष्टी असतात: हवा ढकलणारा ब्लोअर, इंजिनाचे गरम पाणी खेळवणारा छोटा रेडिएटर म्हणजे हीटर कोअर, हवेला काचेकडे, तोंडाकडे किंवा पायांकडे वळवणाऱ्या झडपा आणि त्या झडपा हलवणाऱ्या केबली. पेट्रोल जाळून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि उरलेली एक तृतीयांश इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. हीटर या शेवटच्या, एरवी वायाच जाणाऱ्या वाट्यातून आपली गरज भागवतो, त्यामुळे ब्लोअरच्या विजेखेरीज त्याचा वेगळा खर्च नाही. एसी असलेल्या गाडीत याच खोक्यात आणखी एक जाळी येते. तिचे पुस्तकी नाव इव्हॅपोरेटर असले तरी गॅरेजमध्ये तिला सरसकट कूलिंग कॉइल म्हटले जाते. ब्लोअरची हवा आधी या थंड जाळीतून आणि मग हीटर कोअरवरून किंवा त्याला वळसा घालून पुढे जाते. एसी आणि हीटर हे एकाच वाटेवरचे दोन थांबे असल्यामुळे एकाला काढले की दुसऱ्यावर परिणाम झाल्यावाचून राहत नाही.

काचेवर वाफ का धरते, याचे उत्तर दवबिंदू या कल्पनेत आहे. हवा जितकी गरम तितके अधिक बाष्प ती सामावून घेऊ शकते. हवा थंड होत जाऊन ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते, ते तापमान म्हणजे त्या हवेचा दवबिंदू, आणि समोर आलेला कोणताही पृष्ठभाग त्याहून थंड असला की त्यावर बारीक थेंब जमतात, जसे थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो. पावसाळ्यात रत्नागिरीची हवा २६ अंशांच्या आणि तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेल्या बाष्पाचे प्रमाण, ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर दर घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते आणि ती जास्तीत जास्त २४ ग्रॅमच्या थोडे वर बाष्प धरू शकते. लहान गाडीच्या आतली हवा अडीच घनमीटर धरली, तर संपृक्त होण्यास तिला केवळ सहा ग्रॅम बाष्प कमी पडते. शांत बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो; म्हणजे काचा लावून बसलेली चार माणसे मिनिटाला तीन ग्रॅम बाष्प आत टाकतात आणि ही तूट दोन मिनिटांत भरून काढतात. त्यांचे ओले कपडे, छत्र्या आणि पायाखालची भिजलेली मॅट यांचा या हिशेबात समावेश नाही.

ही स्थिती सपाटीवरची आहे. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा असा रस्ता धरून गाडी आंबा घाट चढू लागली की बाहेरची हवा तीन-चार अंशांनी उतरते, पावसाने सतत धुतली जाणारी काच तिच्याबरोबर थंड होते आणि आतली हवा मात्र अजून किनाऱ्याचेच बाष्प घेऊन बसलेली असते. एकापाठोपाठ एक वळणे, समोरून ढग आणि आतून धुरकटलेली काच अशा वेळी चालक एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने फडके फिरवतो. फडक्याने थेंब मोडतात, पण काच दवबिंदूच्या खालीच राहते, म्हणून काही क्षणांत ती पुन्हा धुरकटते. कुंभार्ली घाटात, कशेडीत किंवा परशुराम घाटातही कारण हेच.

यावर इलाज दोनच: हवेतील बाष्प काढून घेणे किंवा काच आणि तिच्यावर येणारी हवा तापवणे. पहिले काम एसी करतो. कूलिंग कॉइलवरून जाताना हवा पाच अंशांच्या जवळपास थंड झाली, तर तिच्यात घनमीटरमागे सात ग्रॅमच बाष्प उरते आणि बाकीचे पाणी होऊन नळीवाटे गाडीखाली ठिबकते. दुसरे काम हीटर करतो. घाटातली २२ अंशांची पूर्ण भिजलेली हवा ४० अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातील बाष्प तेवढेच राहूनही तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत येते आणि अशी हवा काचेवरचे थेंब शोषून घेते. दोन्ही एकत्र चालले की काच सर्वांत लवकर स्वच्छ होते, हे मोटारींच्या इतिहासात हळूहळू उमगत गेले. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलांवर कारखान्यातूनच एसी देऊ केला, तेव्हा त्याची थंड जाळी मागे डिकीच्या बाजूला होती आणि एसी बंद ठेवायचा तर कॉम्प्रेसरचा बेल्ट हाताने उतरवावा लागे. नॅश कंपनीने १९५४ मध्ये गरम हवा, थंड हवा आणि वायुवीजन या तिन्हींना गाडीच्या पुढच्या भागातील एकाच व्यवस्थेत आणले, आणि आजच्या सगळ्या पेट्या त्याच मांडणीच्या वंशातल्या आहेत.

रत्नागिरीत एसी काढण्याची वेळ बहुधा खाऱ्या हवेमुळे येते. मांडवी, भाट्ये किंवा मिऱ्याच्या बाजूला लाटांवरून उडणारे सूक्ष्म खारे तुषार वाऱ्यासोबत आत येतात आणि किनाऱ्यापासून जसजसे दूर जावे तसतसे त्यांचे प्रमाण झपाट्याने घटते. म्हणूनच समुद्रासमोर उभी राहणारी गाडी आणि तालुक्याच्या आतल्या बाजूला उभी राहणारी गाडी यांच्या पत्र्याचे आयुष्य सारखे नसते. एसीचा कंडेन्सर, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्याही पुढे, थेट वाऱ्याच्या तोंडावर असते आणि ती ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक पातळ संरक्षक थर आपोआप तयार होतो, परंतु मिठातील क्लोराइड हा थर ठिकठिकाणी भेदते आणि तिथे सुईच्या टोकाएवढे खोल खड्डे पडतात. जाळी वरून धड दिसत असूनही गॅस टिकत नाही, याचे कारण हे खड्डे. वाहन उद्योगात सुट्या भागांची गंजरोधकता जोखण्यासाठी ते ३५ अंशांना पाच टक्के मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवले जातात, पण त्या बंद कपाटात जांभ्याची तांबडी धूळ नसते आणि चिखलात कुजणारी पानेही नसतात. आतली कूलिंग कॉइल तर कायम ओली असते. तिच्यावर धूळ आणि पाचोळा साचून निचऱ्याची नळी तुंबली की पाणी उलट गाडीत उतरते आणि फरशीचा पत्रा आतून सडू लागतो.

कॉइल, कंडेन्सर आणि कॉम्प्रेसर असे तिन्ही बदलण्याचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीला भिडू लागला की मालक एसी काढून टाकण्याचा निर्णय घेतो. त्यानंतरचे काम गाडीत कोणत्या बनावटीची पेटी आहे यावर ठरते. प्रीमियर पद्मिनी हे पहिल्या प्रकाराचे उदाहरण. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० वर बेतलेली ही गाडी तयार होई, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप तिनेच अनेक दशके ठरवले. त्या ताफ्यातील शेवटची गाडी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये हे पर्व संपले. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाची ताकद सुमारे ४० अश्वशक्ती, म्हणजे ३० किलोवॉट. मागाहून बसवलेल्या एसीचा कॉम्प्रेसर त्यातले दोन-तीन किलोवॉट ओढू लागला की चढणीला इंजिन हाशहुश करी आणि कंडेन्सरने वारा अडवल्यामुळे पाणीही तापे. अशा गाड्यांत एसीचे युनिट बहुधा डॅशबोर्डखाली स्वतंत्रपणे टांगलेले असते. ते उतरवले की मूळ हवेची वाट मोकळी होते आणि काम पुष्कळसे सोपे राहते.

दुसरा प्रकार सुझुकी घराण्याच्या जुन्या लहान गाड्यांत आढळतो. त्यांत ब्लोअर, कूलिंग कॉइल आणि हीटर यांचे तीन खोके एकापुढे एक जोडलेले असतात, आणि मधला खोका काढला तर त्याच्या जागी बिनाएसी मॉडेलात येणारा साधा जोडनळा बसतो. इथे एक चूक फार वेळा होते: गॅस संपलेली कॉइल जागेवरच ठेवून दिली जाते. धुळीने भरलेली ती जाळी ब्लोअरची हवा अडवते, ओल धरते, कुबट वास देते आणि काचेपर्यंत पोहोचणारी हवा इतकी मंदावते की हीटर चांगला असूनही काच साफ होत नाही. मधला खोका काढून जोडनळा न बसवणे ही याहूनही मोठी चूक, कारण मग ब्लोअरची सगळी हवा डॅशबोर्डच्या मागेच पसरते. तिसरा प्रकार अलीकडच्या गाड्यांचा, ज्यांत सगळे एकाच साच्यातील पेटीत असते. तिथे त्याच मॉडेलच्या बिनाएसी गाडीची पूर्ण पेटी मिळवणे हा सरळ मार्ग, मात्र आपल्याकडील कितीतरी स्वस्त मॉडेलांत बिनाएसी गाडीला हीटर मुळातच दिलेला नसे, त्यामुळे भंगारातून आणलेल्या पेटीत हीटर कोअर खरोखर आहे की नुसता ब्लोअर, हे हातात घेऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रत्यक्ष कामात पहिला हात गॅसला लागतो, आणि तो योग्य यंत्राने लागला पाहिजे. जुन्या गाड्यांतील आर-१२ हा वायू ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारान्वये जगभर बंद होत गेला. भारत त्या करारात १९९२ मध्ये सामील झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, परंतु उष्णता धरून ठेवण्याच्या बाबतीत त्याचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० किलोंइतका भारी आहे, आणि अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवणारी किगाली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये मान्य केली आहे. लहान गाडीत अर्धा किलो गॅस असेल, तर नट सैल करून तो हवेत सोडणे म्हणजे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्याइतके नुकसान एका फुसकाऱ्यात करणे होय. शिवाय हा द्रव उणे २६ अंशांना उकळतो, म्हणून त्याची धार हातावर किंवा डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते. गॅस परत खेचून टाकीत भरणारे यंत्र ज्या गॅरेजमध्ये आहे, तिथूनच कामाची सुरुवात व्हावी.

त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडवून, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंट काढले जाते. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून, हीटर कोअरच्या दोन नळ्या बाहेर आलेल्या असतात आणि त्यांवर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने घट्ट धरून बसलेले रबरी होज असतात. ते पक्कडीने पिळून ओढण्याचा मोह आवरावा. नळी पातळ पितळेची किंवा ॲल्युमिनियमची असते, पिळाने ती मुळाशी झाळणात तडकते, आणि ही तडक लगेच न दिसता पेटी बसवून डॅशबोर्ड आवळल्यानंतर दिसते. होजला ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर देऊन तो सालीसारखा उलगडून काढणे आणि नवा होज घालणे, हेच शहाणपणाचे. नवी पेटी बसवण्यापूर्वी कोअरमध्ये पाणी भरून आणि हलका दाब देऊन गळती पाहावी, झडपांच्या कडांचा कुजलेला स्पंज खरवडून नवा चिकटवावा, कारण झडप बंद असूनही हवा गळत राहिली तर काचेच्या वाट्याला काही उरत नाही. ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर मूळ गाडीत हवेच्या झोतातच बसवलेला असतो, कारण तो तापतो. नव्या पेटीत तो बाहेर लोंबकळत ठेवला तर वायरिंग वितळू शकते.

सर्वांत अधिक काळजीची जागा मात्र फायरवॉलवरील भोके ही आहे. एसीच्या दोन नळ्या आणि निचऱ्याची नळी जिथून जात, तिथे एसी गेल्यावर रुपयाच्या नाण्याहून मोठी छिद्रे उघडी पडतात. त्यांतून पाणी आणि उंदीर येतात हे लक्षात येते, पण इंजिनाचा धूरही येतो हे लक्षात येत नाही. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला बारीक तडा असेल, तर त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन असतो आणि पावसात काचा लावून बसलेल्या माणसांना तो गुंगी आणतो, पुढे जीवही घेतो. या छिद्रांवर पत्र्याची झाकणे रिव्हेट करून, कडांना सीलंट लावून आणि कापलेल्या पत्र्यावर गंजरोधक रंग मारूनच ती बंद करावीत. कापडाचा बोळा किंवा चिकटपट्टी हा इलाज नव्हे.

बोनेटखालीही हिशेब जुळवावा लागतो. कॉम्प्रेसर निघाल्यावर बेल्टची लांबी बदलते, आणि काही गाड्यांत हाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवत असल्यामुळे बिनाएसी मॉडेलचा बेल्ट किंवा रिकामी फिरणारी पुली बसवणे अनिवार्य ठरते. कॉम्प्रेसरच्या क्लचला जाणारी वायर फ्यूजपाशीच तोडून टोक बंद करावे. पाणी भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गाडीचे नाक चढाला किंचित उंच करून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवावे, नाही तर हीटर कोअरमध्ये हवा अडकते, काट्यावर इंजिन गरम दिसते आणि ब्लोअरमधून मात्र गार हवा येत राहते. पुढे कधी डाव्या बाजूच्या मॅटखाली ओल दिसली, तर ती बोटांनी चाचपून पाहावी: साधे पाणी असेल तर ते पावसाचे, आणि बोटाला चिकट लागून गोडसर वास येत असेल तर ते कूलंट, अर्थात कोअर गळतो आहे. कूलंटमधील ग्लायकॉल विषारी असल्याने ते लहान मुले आणि पाळीव जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे लागते.

रत्नागिरीच्या दृष्टीने पेटी निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी, जिचा विचार थंड प्रदेशातील लेखनात क्वचितच असतो. काही पेट्यांत गरम पाणी कोअरमधून बारमाही फिरते आणि हवा गरम की गार हे केवळ झडप ठरवते. काहींत कोअरकडे जाणारे पाणीच एका व्हॉल्व्हने बंद करता येते. जुन्या, झडपा सैल झालेल्या पहिल्या प्रकारच्या पेटीतून मे महिन्यात, एसी नसलेल्या गाडीत, पायांवर सतत गरम हवा झिरपत राहते. अशा गाडीत होजवर पाण्याचा साधा व्हॉल्व्ह बसवून घेणे आणि तो मृगापूर्वी उघडून पावसाळ्यानंतर बंद करणे, हा अल्प खर्चाचा आणि उत्तम उपाय आहे.

एवढे सगळे नीट केले तरी एसीची बरोबरी हीटर करू शकत नाही, हे मान्य करावेच लागते. हीटर हवेतील पाणी काढत नाही, त्याने आतला उकाडा वाढतो, आणि तो चालवताना बाहेरची हवा आत घेण्याची कळ उघडी ठेवून, गरम झोत फक्त काचेकडे वळवून, मागची एक काच दोन बोटे खाली ठेवावी लागते. त्यामुळे ज्या गाडीची कूलिंग कॉइल परवडणाऱ्या खर्चात बदलता येते, तिचा एसी रत्नागिरीत काढू नये. ज्यांनी तो काढला आहे, त्यांनी पहिल्या मुसळधार पावसात गाडी घराजवळच उभी करावी, इंजिन गरम होऊ द्यावे, चार माणसांसह काचा लावून समोरची काच पूर्ण धुरकटू द्यावी आणि मग ब्लोअर काचेकडे सोडून पाहावे. चालकासमोरचा भाग काही मिनिटांत स्वच्छ होऊन तसाच टिकत नसेल, तर पेटी पुन्हा उघडून दोष सापडेपर्यंत ती गाडी आंबा घाटाकडे नेऊ नये.